चांदी, सिलिकॉन आणि तुझं पहिलं सिम्युलेशन

भावा, शिवाजी विद्यापीठात प्रोजेक्ट सुरू केलास, छान. पण १०० केल्विनला सिलिकॉनच्या नॅनोतारेतून उष्णता कशी वाहते याचा आलेख काढून लगेच खूश होऊ नकोस.

अभिजात रेणू-गतिकीत, म्हणजे अणूंना न्यूटनच्या नियमांनी हलवणाऱ्या तुझ्या सिम्युलेशनमध्ये, तापमान कितीही असो, प्रत्येक कंपनाला सारखीच ऊर्जा मिळते. त्यामुळे उष्माधारिता, म्हणजे तापमान एक केल्विनने वाढवायला लागणारी उष्णता, दर मोलला २५ जूलच्या आसपास येते. खऱ्या सिलिकॉनची १०० केल्विनला जेमतेम ७ आहे, कारण त्याचं डिबाय तापमान, म्हणजे ज्याच्या वर जवळपास सगळी कंपनं जागी होतात ते, ६४५ केल्विनच्या आसपास. वरच्या वारंवारतेची कंपनं १०० केल्विनला गोठलेली असतात, ऊर्जा जवळजवळ घेतच नाहीत. 'क्वांटम दुरुस्ती' म्हणून शेवटी तापमानाचा आकडा बदलणारे भेटतील. मला ते कधीच पटलं नाही. कंपनांची आपसातली टक्कर आधीच चुकीच्या ऊर्जांनी झालेली असते, ती नंतर कशी सुधारणार?

आता हुपरीची चांदी घे. तिचं डिबाय तापमान २२५ च्या आसपास, म्हणजे खोलीच्या तापमानाला उष्माधारिता ठीक येईल. पण चांदीत उष्णता मुख्यतः इलेक्ट्रॉन वाहतात, आणि तुझ्या मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉनच नाहीत! खरी वाहकता ४२९ वॅट प्रति मीटर-केल्विन. तुझी फारच कमी आली तर कोडमध्ये बग शोधत रात्र घालवू नकोस. मी घालवलीय.

फूरियेचा नियमही (उष्णतेचा प्रवाह तापमानाच्या उताराच्या प्रमाणात) जपून लाव. सिलिकॉनमध्ये उष्णता वाहणारे बरेच फोनॉन, म्हणजे कंपनांच्या लाटा, खोलीच्या तापमानाला टक्कर न होता एक मायक्रॉनहून लांब धावतात, आणि तुझी सिम्युलेशनची पेटी वीस नॅनोमीटरची.

आधी सिलिकॉन ८०० केल्विनला, डिबाय तापमानाच्या वर, चालवून बघ. मग रंकाळ्यावर ये, आलेख घेऊन.