एक खाडा पडला की सगळंच सुटतं, मग मोटिवेशन टिकवायचं कसं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा, की दरवेळी तुम्ही व्यायाम, इंग्रजी बोलायची प्रॅक्टिस आणि नोकरीसाठीचं ते सर्टिफिकेशन असं तिन्ही एकदम जोरात सुरू करता, मग मध्येच आजारपण येतं नाहीतर ऑफिसचं काम अंगावर येतं, चार दिवस बुडतात आणि त्या चार दिवसांचे चार महिने कधी होतात ते कळतच नाही. त्यात सर्टिफिकेशनची परीक्षा दोनदा हुकली, आणि घरचे म्हणतात की तुझा स्वभावच धरसोडीचा.

घरच्यांचं सोडा. मला विचाराल तर मोटिवेशन हा तुमचा प्रॉब्लेमच नाहीये, ते तुमच्याकडे भरपूर आहे, नाहीतर दरवर्षी नव्याने कंबर कोण कसतं? गाडी अडते ती खाडा पडल्याच्या दुसऱ्या दिवशी. तुमच्या प्लॅनमध्ये रोज किती वाजता काय करायचं हे सगळं लिहिलेलं असणार, पण एक दिवस जमलं नाही तर त्याच्या दुसऱ्या दिवशी काय करायचं हे कुठेच नसणार. आणि खाडा तर पडणारच आहे हो, ताप येणार, पाहुणे येणार, बॉस नेमकं निघायच्या वेळेला काम देणार, ह्यातलं काहीच अचानक नसतं, फक्त तारीख माहीत नसते.

ह्यावर एक जुना प्रयोग आहे, १९७५ चा, हर्मन आणि मॅक ह्या दोघांचा. लोकांना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग चव सांगायच्या निमित्ताने आईस्क्रीम पुढे ठेवलं. जे एरवी खाण्यावर ताबा ठेवत नाहीत त्यांनी मिल्कशेकनंतर आईस्क्रीम कमी खाल्लं, पोट भरलं होतं, साधी गोष्ट. पण जे डाएटवाले होते त्यांनी मिल्कशेक न पिता जेवढं खाल्लं असतं त्यापेक्षा जास्त खाल्लं, म्हणजे आजचा नियम मोडलाच आहे ना, मग आता कशाला आवरायचं. पुढे ह्याला व्हॉट द हेल इफेक्ट असंच नाव पडलं. तुमचं हेच होतंय. चार दिवस बुडाले त्याने काही नुकसान झालेलं नसतं, नुकसान करतो तो त्यानंतरचा हिशोब, की आता मोडलंच आहे तर पुढच्या एक तारखेपासून नीट सुरू करू. आणि एक तारीख आली की ये रे माझ्या मागल्या.

एका खाड्याने खरंच किती बिघडतं? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांना रोजची एकेक नवीन सवय लावायला सांगून ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते मोजलं होतं, तो पेपर २०१० ला छापून आला. मधला आकडा आला ६६ दिवस, पण खरी गंमत रेंजमध्ये आहे, कुणाला १८ दिवस तर कुणाला २५४ पर्यंत लागतील असा अंदाज निघाला. आणि मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा फरक पडत नाही हेही त्यात दिसलं. (ते २१ दिवसांचं जे सगळे ऐकवतात ना, त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलेल्या एका निरीक्षणात आहे, की पेशंटला स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात. त्यातलं कमीत कमी कुठेतरी गळलं आणि चेहराही गळला, उरले फक्त २१.) त्यामुळे बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर आपल्यात काही खोट आहे असं समजू नका.

आता करायचं काय. माझा सगळ्यात पहिला आणि थोडा विचित्र सल्ला म्हणजे बुडालेल्या दिवसांची भरपाई करायची नाही. अजिबात नाही. रोज एक तास अभ्यास ठरला होता, चार दिवस बुडाले, तर पाचव्या दिवशी आपण पाच तासांचा डोंगर पुढे घेऊन बसतो, तो होत नाही, मग सहाव्या दिवशी सहा तास, ही भरपाई म्हणजे सावकाराचं व्याज आहे, मुद्दल कधी फिटतच नाही आणि शेवटी माणूस सावकाराचं तोंड चुकवायला लागतो, म्हणजे पुस्तक दिसलं तरी नजर दुसरीकडे. बुडाले ते बुडाले. पाचव्या दिवशी फक्त पाचव्या दिवसाचं, आणि तेही नेहमीपेक्षा कमी.

हे कमी म्हणजे किती ते मी माझ्या उदाहरणाने सांगतो. मी रोज स्केचिंग करतो, चित्रकार वगैरे नाही, नुसती हौस. वहीच्या पहिल्या पानावर मी लिहून ठेवलंय, काल राहिलं असेल तर आज टोपण. म्हणजे काय तर ज्या दिवशी खाड्यानंतर परत बसायचं त्या दिवशी मोठं काही काढायचं नाही, पेन उघडायचं आणि त्याचंच टोपण काढायचं, दोन उभ्या रेघा, वर गोलाई, बाजूला क्लिप, दोन मिनिटं, वही बंद. वही चाळली तर चांगल्या पानांच्या मधेमधे अशी टोपणंच टोपणं दिसतात, एका पानावर तर चार्जरची वायर आहे आणि तीही अर्धीच, कारण मधेच झोप लागली. बघायला हास्यास्पद दिसतं, पण प्रत्येक टोपणाच्या पुढच्या पानावर परत नेहमीचं काम सुरू झालेलं आहे, आणि तेवढ्यासाठीच ते टोपण असतं.

तुमच्या तिन्ही गोष्टींना असं एकेक टोपण ठरवून टाका, आणि ते आत्ता ठरवा, अंगात जोर आहे तोपर्यंत, तापातून उठल्यावर नाही. व्यायामाचं टोपण म्हणजे बूट घालून घराबाहेर दहा मिनिटं चालून परत यायचं. इंग्रजीचं म्हणजे दिवसभरात काय झालं ते फोनमध्ये एक मिनिट बोलून रेकॉर्ड करायचं, परत ऐकायचं पण नाही. अभ्यासाचं म्हणजे एक प्रश्न सोडवायचा, फक्त एक. आणि हे जर-तरच्या भाषेत लिहा, की जर कालचा दिवस चुकला, तर आज ऑफिसातून आल्यावर बॅग खाली ठेवायच्या आधी मी एक प्रश्न सोडवणार. हे ऐकायला बाळबोध वाटतं, मलाही वाटायचं, पण पीटर गोलविट्झर हे मानसशास्त्रज्ञ ह्यावर वर्षानुवर्षं काम करतायत आणि २००६ मध्ये त्यांनी आणि शीरन यांनी ९४ अभ्यास एकत्र करून बघितलं तर असं कधी-कुठे-काय आधीच बांधून ठेवलेल्या लोकांचं काम नुसत्या मी करणारच म्हणणाऱ्यांपेक्षा बऱ्यापैकी जास्त तडीला जातं असं निघालं. कारण साधं आहे, त्या क्षणी विचार करावा लागत नाही. थकलेला माणूस विचार करायला बसला की नाही हेच उत्तर येतं.

दुसरं म्हणजे तीन गोष्टी एकदम करू नका. हे सगळेच सांगतात, मी पण सांगतो, पुढे चला.

ध्येय किती मोठं ठेवायचं ह्याबद्दल मात्र थोडं बोलायला हवं कारण इथे लोक दोन टोकांचे सल्ले देतात. एडविन लॉक आणि गॅरी लेथम ह्या दोघांचं ध्येयांवरचं काम प्रसिद्ध आहे, त्याचा गाभा असा की जमेल तेवढं करा म्हणण्यापेक्षा स्पष्ट आणि अवघड ध्येय दिलं तर माणूस जास्त करतो. पण ह्याच्या पुढचा भाग कुणी सांगत नाही, की काम नवीन आणि गुंतागुंतीचं असेल, आपल्याला ते अजून येतच नसेल, तर निकालाचं ध्येय उलट डोक्याला ताप होतं, तिथे शिकण्याचं ध्येय ठेवलेलं बरं. आता तुमचंच बघा, दोनदा परीक्षा हुकली आणि तिसऱ्यांदा परत ध्येय काय तर पास व्हायचं. त्याऐवजी मागच्या दोन्ही वेळचा स्कोअर रिपोर्ट काढून शेजारी शेजारी ठेवा, विभागवार मार्क दिलेले असतीलच, कुठला विभाग दोन्ही वेळेला आपटलाय ते बघा. माझा अंदाज आहे की तुम्ही दोन्ही वेळेला पहिल्या धड्यापासून सुरुवात केली असणार आणि पहिले तीन धडे तुम्हाला आता पाठ असणार, जवळजवळ सगळेच असं करतात, कारण येतं ते परत वाचायला बरं वाटतं. तिसऱ्या वेळी उलटीकडून जा. ध्येय असं ठेवा की त्या आपटलेल्या विभागातले प्रश्न चुकण्याची तीन कारणं मला शोधायची आहेत, कन्सेप्ट कळला नाही, प्रश्न नीट वाचला नाही की वेळ पुरला नाही. प्रत्येक चुकीपुढे ह्यातलं एक अक्षर लिहायचं, क, प्र किंवा वे. पानभर वे दिसले तर अजून पुस्तकं विकत घेऊन काही होणार नाही, घड्याळ लावून सोडवायला हवं.

आणि तुकडे करा. बँड्यूरा आणि शुंक यांनी १९८१ मध्ये गणिताचा कंटाळा असलेल्या मुलांना ४२ पानं सोडवायला दिली होती, काही मुलांना सांगितलं रोज ६ पानं, काहींना सांगितलं सात बैठकांत ४२ पानं संपवा. काम तेच, पण ६ पानंवाली मुलं गणितात पुढे गेली, त्यांचा स्वतःवरचा भरवसा वाढला आणि त्यांना गणितात गोडीसुद्धा वाटायला लागली, ४२ वाल्यांना त्या ध्येयाचा काहीच फायदा दिसला नाही.

वेळेचा अंदाज बांधताना मात्र स्वतःवर अजिबात विश्वास ठेवू नका. १९९४ चा एक अभ्यास आहे, विद्यार्थ्यांना विचारलं तुमचा थिसिस किती दिवसात होईल, सरासरी उत्तर आलं साधारण ३४ दिवस, लागले साधारण ५५. म्हणजे प्लॅनपेक्षा मागे पडणं हे बऱ्याच वेळा अपयश नसतंच, प्लॅनच स्वप्नात केलेला असतो. तुम्ही मागच्या वेळी खरंच किती दिवस लागले ते बघून तारीख ठरवा.

स्वतःला शिव्या घालण्याबद्दल तुम्ही लिहिलंय की त्याशिवाय मी हलतच नाही. मला नाही पटत. कॅनडात २०१० मध्ये विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की पहिल्या परीक्षेच्या वेळी टाळाटाळ केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं त्यांनी पुढच्या परीक्षेला टाळाटाळ कमी केली. ज्या गोष्टीकडे गेलं की शिव्याच बसतात तिकडे माणूस जाईल कशाला, मग शिव्या स्वतःच्या का असेना.

कधी कधी अडथळा खरोखरचा असतो, तिथे टोपण वगैरे चालत नाही. माझ्या एका मित्राचा धावायचा नेम होता, घोटा मुरगळला, डॉक्टरांनी काही आठवडे धावणं पूर्ण बंद सांगितलं. त्याने काय केलं तर धावायची वेळ तशीच ठेवली, सकाळी त्याच वेळेला उठून गच्चीत बसून पाठीचे आणि पोटाचे व्यायाम करायचा, जे बसून होतात ते, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आधीच्या निम्म्या अंतरापासून सुरू केलं. स्पर्धेची तारीख त्याने सोडून दिली, वेळ नाही सोडली. आणि हो, एखादं ध्येय पूर्ण सोडून देणं हाही गुन्हा नाही. तुमच्या तीनपैकी एखादं फक्त मित्रांनी केलं म्हणून यादीत आलं असेल तर ते खोडा, पण खाडा पडल्याच्या आठवड्यात खोडू नका, आठवडाभर नीट चाललेलं असताना बसून ठरवा, तेव्हाही नको वाटलं तर खरंच नको आहे.

शेवटचा तुमचा प्रश्न, लोकांना सांगावं का. ठरवलंय हे सांगू नका. २००९ मध्ये गोलविट्झर यांच्याच टीमने दाखवलं होतं की कायद्याच्या ज्या विद्यार्थ्यांचा इरादा दुसऱ्याने वाचून त्याची नोंद घेतली त्यांनी नंतर प्रत्यक्ष काम कमी वेळ केलं, बहुतेक वाहवा आधीच मिळून जाते. पण केलं किती हे जरूर सांगा, १३८ अभ्यासांचा २०१६ चा एक आढावा आहे, त्यात प्रगती मोजत राहण्याचा फायदा दिसतो आणि ती दुसऱ्याला कळवली किंवा लिहून ठेवली तर आणखी जास्त. त्यासाठी एकच माणूस पुरे, दर रविवारी त्याला मेसेज टाकायचा, इतके दिवस झालं, इतके राहिलं, इतकी टोपणं. फक्त उपदेश करणारा माणूस निवडू नका. मी भावाला पाठवतो, तो नुसता अंगठा दाखवतो, कधी कधी तर तोही दोन दिवसांनी.