ओटा चार इंच खाली

“मॅडम, घरच विकलं जात नाहीये, म्हणून झोप लागत नाही.” गेल्या दोन वर्षांत हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्या वेळा ऐकलंय की आता एक अनुभव लिहूनच टाकते. नाव आणि काही तपशील अर्थातच बदललेत.

विद्याधरकाका, वय 71, विमा कंपनीतून निवृत्त. पुण्यात कर्वेनगरला 1989 सालच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, लिफ्ट नाही. काकू 2021 मध्ये गेल्या. गुडघे बोलायला लागले, म्हणून वारज्याला लिफ्ट असलेलं लहान घर घ्यायचं ठरलं. दोन वर्षांत एकेचाळीस जण घर बघून गेले. काकांनी वहीत प्रत्येकाची तारीखवार नोंद ठेवली होती.

“भाव किती सांगताय?”

“एक कोटी पंधरा.”

“कसा काढलात?”

“नवीन घराला पासष्ट. मुलाला पंचवीस, मुलीला पंचवीस. हिने तसं बोलून ठेवलं होतं.”

म्हणजे भाव त्यांच्या गरजेतून आला होता, बाजाराशी त्याचा काही संबंध नव्हता. ही चूक मी सर्वांत जास्त पाहते. गिऱ्हाईकाला तुमच्या वाटण्यांशी काय देणंघेणं? दस्तनोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या इमारतीतल्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे घर किती किमतीला विकलं गेलं ते दाखवणारे नोंदीचे उतारे, शोधता येतात. मुलाकडून ते काढून घ्या म्हटलं. (कागदावरचा आकडा कधी कधी खरा नसतो हे मलाही कळतं, पण शेजाऱ्याच्या गप्पांपेक्षा तो बरा.) व्यवहार नव्वदच्या आसपास झालेले निघाले. काका चिडले. “त्या घरांना आमच्यासारखी हवा नाही!”

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. ज्यांच्या हातात साधा कॉफीचा मग दिला होता, ते तो विकायला, ज्यांना मग मिळाला नव्हता त्यांनी लावलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट पैसे मागत होते. आणि तो मग काही मिनिटांपूर्वीच हातात आलेला! इथे तर बत्तीस वर्षांचा संसार होता.

बाकीच्या चुका पटापट सांगते. तीन एजंट, तिघांचे तीन भाव, आणि ते तिन्ही मोबाइलवर एकाच वेळी दिसतात. मग गिऱ्हाईक सर्वांत खालचा आकडा धरून अजून खाली येतं. काका क्षेत्रफळ 850 चौरस फूट सांगत, ते बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट. 2017 मध्ये रेरा हा घरखरेदीचा कायदा आल्यापासून लोक कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्रफळ, विचारतात आणि टेप घेऊन येतात. भरलं 640. त्या क्षणी तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टीही संशयास्पद होतात. आणि बाथरूमच्या भिंतीची ओल नुसत्या रंगाखाली झाकू नका. वास येतो.

पण हे सगळं कुठलाही चांगला एजंट सांगेल. माझ्याकडे माणूस येतो तो यापलीकडच्या गोष्टीसाठी, असं मी मानते. तो काय सांगतो यापेक्षा काय सांगायचं टाळतो तिकडे मी बघते.

चौथ्या भेटीत मी म्हटलं, “मी गिऱ्हाईक आहे. दाखवा घर.”

काका खुर्चीतच ताठ झाले. हॉल, गॅलरी, मग स्वयंपाकघर. तिथे थांबले. “हा ओटा एरवी चौतीस इंच असतो. आम्ही तीस घेतला. ही बुटकी होती ना. गवंडी ऐकेना, मी उभं राहून करून घेतला.”

“हे सगळ्यांना सांगता?”

“सांगतो की. चहा देतानाच सांगतो.”

एकेचाळीस जणांनी काय ऐकलं असेल? ओटा फोडायचा खर्च. आणि हे घर अजून दुसऱ्या कुणाचं तरी आहे.

मी विचारलं, “कागदावर घर कोणाचं?”

“हिच्याच नावावर होतं. मी नॉमिनी. सोसायटीने माझं नाव लावलंय.”

“मुलीची सही घेतलीत?”

बराच वेळ पंख्याचाच आवाज येत राहिला. हा प्रश्न सहज सुचल्यासारखा वाटेल, पण पहिल्या भेटीपासून काकांच्या बोलण्यात मुलगी फक्त पंचवीस लाखांच्या रूपात येत होती, हे मी टिपून ठेवलं होतं.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सहकारी संस्था कायद्यातल्या 2019 च्या सुधारणेनंतर सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते. मालकी वारसांची. काकूंनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं, म्हणजे नवरा, मुलगा, मुलगी, तिघांचा सारखा वाटा. दोन गिऱ्हाइकं बँकेच्या वकिलापर्यंत जाऊन याच कारणाने परतली होती. वहीत मात्र त्यांच्यापुढे लिहिलं होतं, ‘पसंत नाही’.

“तिला काय विचारू? आईच्या घरावर सही कर म्हणू?” काका हळूच म्हणाले.

तेव्हा मला उलगडलं. चढा भाव, चहा, ओट्याची गोष्ट, हे सगळं त्या एका फोनपासून लांब राहण्यासाठी होतं. घर विकलं जात नव्हतं तोवर तो फोन करावा लागत नव्हता.

फोन त्यांनी त्याच रविवारी केला. मुलगी नाशिकला असते. “बाबा, मला हिस्सा हवाय,” ती स्पष्ट म्हणाली, “पण येतील त्यातला. पंचवीसचा आकडा तुम्ही का डोक्यावर घेतलाय?” काकांना वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. ते त्यांनी मला त्याच क्रमाने सांगितलं.

वकिलांनी तिघांनाही विकणारे म्हणून करारात घेतलं. एकच एजंट ठेवला, भाव ब्याण्णव लावला. घर दाखवायच्या वेळी काका खाली पारावर जाऊन बसायचे, ही अट माझी. साडेतीन महिन्यांत एकोणनव्वदला व्यवहार झाला. मुलाने आपला वाटा वडिलांच्या नव्या घरात घातला. ते घर एका बेडरूमचं, आधी ठरलं होतं त्यापेक्षा लहान.

शेवटच्या भेटीला काका पेढे घेऊन आले. “ओटा पहिल्याच आठवड्यात फोडला म्हणे त्यांनी.”

मी काही बोलले नाही.

“ती मुलगी उंच आहे हो,” ते म्हणाले. “पाठ गेली असती तिची.”