नगरपंचायतीनं घराजवळची सार्वजनिक गल्ली शेजाऱ्याला द्यायचा ठराव घेतला, हे चालते का?

तुम्ही विचारलं की घराच्या बाजूची आठ फुटी गल्ली "वापरात नाही" म्हणून नगरपंचायतीनं शेजारच्या दुकानदाराला गोडाऊनसाठी द्यायचं ठरवलं, आता काही करता येते का. येते. पण पहिले त्या ठरावाची नक्कल काढा, भांडायला नंतर जा. नक्कल देत नसतील तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका, ३० दिवसांत द्यावीच लागते.

मी वकील नाही, यवतमाळ जिल्ह्यात राहतो, झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे आणि हेच आमच्या घरामागं झालं होतं म्हणून सांगतो. आमच्या इथं तो विषय अजेंड्यावर नव्हताच, शेवटी "ऐनवेळचे विषय" मध्ये घुसवला, सूचक एक, अनुमोदक एक आणि खाली "सर्वानुमते मंजूर". आम्हाला पत्ता लागला तो गेटचे खांब रोवले तेव्हा!

नक्कल हातात आली की एकच गोष्ट पाहायची, विकत दिली, भाड्यानं दिली की नुसतं ना-हरकत दिलं. कारण नगरपरिषद-नगरपंचायतीचा जो १९६५ चा कायदा आहे त्याच्या कलम ९२ प्रमाणं स्थावर मालमत्ता द्यायची असली तर राज्य सरकारची मंजुरी लागते आणि प्रस्तावासोबत एकूण नगरसेवकांच्या दोन तृतीयांश बहुमताचा ठराव लागतो, म्हणजे १७ जणांच्या नगरपंचायतीत १२ हात वर पाहिजेत, हजर असलेल्यांपैकी नाही, एकूणपैकी. भाड्यानं स्वतः देऊ शकतात पण तीन वर्षांपर्यंतच, आणि त्या जागेवर पक्कं बांधकाम करता येत नाही. आता गोडाऊन काय ताडपत्रीचं बांधणार आहे का तो?

दुसरं, गल्ली आहे कोणाची ते भूमी अभिलेखच्या ऑफिसात जाऊन गावठाणाच्या नकाशावर बघा, शेजाऱ्याची आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) पण काढा, त्यात त्याच्या जागेचं क्षेत्र किती ते लिहिलेलं असते. जागा सरकारची निघाली तर नगरपंचायतीचा ठराव पुरतच नाही, जमीन महसूल संहितेच्या कलम २१ खाली "ही वाट लोकांना लागत नाही" असं कलेक्टरनं जाहीर करावं लागते आणि त्याच्या आधी लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. तहसीलमध्ये चकरा मारू नका मात्र. आमचे काका कोणाचं तरी ऐकून मामलेदार कोर्टाचा १९०६ चा कायदा घेऊन तिकडं गेले, तो शेताच्या वाटेसाठी आहे, गावठाणातल्या गल्लीला लागत नाही, दीड महिना फुकट गेला.

आता खरी अडचण. "वापरात नाही" हे शेजारी पूर्ण खोटं बोलत नव्हता. बाबांच्या वेळेस त्या गल्लीतून कुटाराची बंडी कोठ्यापर्यंत जायची, पोळ्याला बैलं तिथूनच निघायची, मग बंडी गेली, बैलं गेले, आणि आम्हीच तिथं फुटके टिनं अन् शेणाचा उकिरडा टाकून ठेवला. वापर दाखवायचा तरी कसा? पहिल्या अर्जात आम्ही "वडिलोपार्जित रहदारीचा रस्ता" वगैरे लांबलचक लिहिलं, त्याला कोणी विचारलं नाही.

काम झालं ते काकूमुळं. पाहणीला इंजिनिअर आले तेव्हा ती ओट्यावरूनच म्हणाली, "गल्ली देता त द्या साहेब, पण पावसायातलं पानी कोनाच्या नावानं करता थे सांगा." मागच्या सगळ्या घरांची नाली त्याच गल्लीतून उतरते आणि शेजाऱ्यानं तिथं दोन फूट मुरूम टाकून भराव केला होता, जुलैत पाणी मागच्या घरांत शिरलं. मग आम्ही अर्ज नव्यानं लिहिला, रस्ता शेवटी अन् पाणी पहिले, मागच्या घरवाल्यांच्या सह्या, सोबत फोटो, एक प्रत मुख्याधिकाऱ्याला आणि एक कलेक्टर ऑफिसला. त्याच १९६५ च्या कायद्याच्या कलम ३०८ खाली कलेक्टर असा ठराव थांबवू शकतात. आमचा थांबवला, चार महिने लागले, गेट निघालं, भराव अर्धाच निघाला, शेजारी अजून बोलत नाही.

अर्ज दिला की आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का अन् तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, तोंडी सांगितलेलं तिथं कोणाला आठवत नाही. तुमच्या गल्लीतून पाणी जात नसेल तर अंत्ययात्रा, अग्निशमनची गाडी, मागचा हातपंप, विजेचा खांब, जे खरं असेल तेच लिहा. आणि आपला उकिरडा असला तर आधी उचला, आमचा शेजाऱ्याच्या अर्जाला फोटो म्हणून जोडलेला होता. स्वतःचे फोटो पाऊस सुरू असतानाच काढा, उन्हाळ्यातल्या फोटोत ती गल्ली नुसती रिकामी जागा दिसते.