बायोस मारताना लाईट गेली तर?

प्रश्न : देवगडात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. डेस्कटॉप २०१९ चा. गिगाबाइट कंपनीचा बी४५० मदरबोर्ड, रायझन ५ २६०० प्रोसेसर. मुंबईच्या चुलतभावाने त्याचा जुना रायझन ५ ५६०० मला दिला. तो बसवला तर पंखे फिरतात, स्क्रीन मात्र काळी. २६०० परत लावला की सगळं सुरळीत. भाऊ म्हणतो बायोस, म्हणजे बोर्डावरच्या चिपमधला कॉम्प्युटर सुरू करणारा प्रोग्रॅम, अपडेट कर. इथला रिपेअरवाला म्हणतो, मधेच लाईट गेली तर बोर्ड मेला म्हणून समज. आमच्याकडची लाईट तुम्हाला ठाऊकच आहे. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही. भाऊ म्हणतो ते करायचं आणि रिपेअरवाला ज्याला घाबरतो त्याची आधी सोय लावायची.

मालवणात माझं दुकान २३ वर्षं आहे. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते काका कोणी चांगल्या मशीनमध्ये बोटं घालायला लागला की एवढंच विचारायचे, "चलता हा मा? मगे हात कित्याक लावतस?" बायोसच्या बाबतीत मी अजून त्यांचंच ऐकतो. नवीन आवृत्ती दिसली म्हणून अपडेट मारायचं, हे मोबाइलच्या ॲपला ठीक. बायोसला कारण लागतं आणि ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर जादा व्होल्टेजने खराब होत होते, त्यावरचा इलाज २०२४ च्या ऑगस्टपासून बायोसमधूनच आला. हे कारण झालं. "कॉम्प्युटर जरा स्लो वाटतो" हे कारण नव्हे.

तुमचं कारण पक्कं आहे. बी४५० चे बोर्ड २०१८ साली आले, ५६०० आला २०२२ मध्ये. खाच तीच, पिना त्याच, पण बोर्डावरच्या आठ पायांच्या बारक्या चिपमध्ये जो प्रोग्रॅम आहे, त्याला हा पाहुणा कोण ते माहीतच नाही. म्हणून पंखे फिरतात आणि पुढे काही होत नाही. ग्राफिक्सवर संशय घेऊ नका. ५६०० मध्ये अंगचं ग्राफिक्स नाही, पण २६०० मध्येही नाही. म्हणजे कार्ड तुमच्याकडे आहेच आणि ते चालतंय.

आता लाईट. माझ्या हातून एक बोर्ड मेलाय, तो सांगतो. आषाढातली दुपार, गिऱ्हाईक समोर बसलेलं, यूपीएस लावलेला. अर्ध्यावर लाईट गेली. यूपीएस दोनदा पीं-पीं करून गप्प. बॅटरी चार वर्षांची होती आणि मी ती कधी तपासलीच नव्हती. तेव्हा बऱ्याच बोर्डांवरची चिप सॉकेटमधून काढता यायची. मी ती काढली, आगपेटीत कापूस घालून त्यात ठेवली आणि एसटीच्या पार्सलने कोल्हापूरला एका ओळखीच्या कारागिराकडे पाठवली. त्याने एका दिवसात प्रोग्रॅम भरून दिली, पण घाटात दरड आली आणि आगपेटी तीन दिवस पलीकडेच राहिली. गिऱ्हाईक रोज सकाळी येऊन बाकावर बसायचं. काही बोलायचं नाही, नुसतं बसायचं. आज बहुतेक बोर्डांवर ती चिप डाग देऊन बसवलेली असते. प्रोग्रॅमर नावाचं यंत्र आणि चिमटा लावून ती तशीच भरता येते, पण तो माणूस शोधायला तुम्हाला देवगडाबाहेर पडावं लागेल.

तेव्हा पहिलं काम यूपीएसची परीक्षा. बायोसला हात लावण्याआधी, कॉम्प्युटर चालू असताना, एखादा व्हिडिओ लावून यूपीएसची पिन भिंतीतून सरळ उपटा. पंधरा मिनिटं टिकला तर पास. अपडेटला प्रत्यक्षात पाच-सात मिनिटंच लागतात. पाच मिनिटांत मान टाकली तर आधी बॅटरी बदला. प्रिंटर यूपीएसवर असेल तर काढा, लेझर प्रिंटर तर नक्कीच. घरच्या इन्व्हर्टरवर विसंबायचं असेल तर त्याच्या मागचं बटण बघा. ते यूपीएस मोडवर नसेल तर लाईट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू व्हायला लागणाऱ्या क्षणात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. ट्यूबलाइट फक्त डोळा मारते, कॉम्प्युटर मरतो.

दिवस तुम्ही निवडणार आहात, हा तुमचा मोठा फायदा. मृग लागायच्या आधी उरका. त्यातही सकाळचं काम. वैशाखातल्या संध्याकाळी सह्याद्रीवर ढग चढलेले दिसले की मी हे काम हातात घेत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

लाईटपेक्षा जास्त बोर्ड कशाने अडकतात सांगू? चुकीच्या बायोस फाइलने. एकाच नावाचा बोर्ड दोन-तीन रिव्हिजनमध्ये, म्हणजे सुधारित रूपांत, येतो आणि प्रत्येकाची फाइल वेगळी असू शकते. विंडोजमध्ये 'सिस्टीम इन्फर्मेशन' उघडलं की बोर्डाचं नाव आणि आत्ताची बायोस आवृत्ती दिसते, ती कागदावर उतरवा. मग कॅबिनेट उघडून टॉर्च मारा. गिगाबाइटच्या बोर्डाच्या कोपऱ्यात रिव्हिजनचा आकडा छापलेला असतो. तोच आकडा कंपनीच्या साइटवर निवडायचा. दुसरीकडून कुठूनही फाइल घ्यायची नाही, "भाऊ, माझ्याकडे आहे, व्हॉट्सॲप करतो" म्हणणाऱ्याकडून तर नाहीच. कंपनीच्या साइटवरच प्रोसेसरांची यादी असते. ५६०० समोर 'या आवृत्तीपासून चालेल' असं लिहिलेलं सापडेल. फाइलखालची टीपही वाचा. काही बोर्डांना आधी मधली एखादी आवृत्ती घालावी लागते, काही आवृत्त्यांवरून मागे फिरता येत नाही.

अपडेट करताना सॉकेटमध्ये जुना २६०० च हवा. हे लिहायची गरज नाही असं वाटेल, पण नवा प्रोसेसर बसवून काळ्या स्क्रीनसमोर "आता अपडेट कुठून करू?" असे फोन मला येतात.

पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. आपल्या खाऱ्या हवेत पेनड्राइव्हच्या पत्र्यावर तांबूस डाग पडतात, तसला घेऊ नका. झिप उघडून आतली फाइल पेनड्राइव्हवर टाका, झिप तशीच नको. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये जा, सगळ्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढा, मग तिथलं क्यू-फ्लॅश, म्हणजे अपडेटचं साधन, उघडा. दुसऱ्या कंपन्यांच्या बोर्डांवर यालाच ईझी फ्लॅश, एम-फ्लॅश, इन्स्टंट फ्लॅश म्हणतात. विंडोजमधून अपडेट करायचं सॉफ्टवेअरही मिळतं, मी ते वापरत नाही. मागे अँटिव्हायरस चालू, विंडोजचं स्वतःचं अपडेट चालू, अशा गर्दीत हे काम नको.

सुरू केल्यावर हात मांडीवर. टक्के एका जागी थबकले तरी बटण दाबायचं नाही. झाल्यावर कॉम्प्युटर एक-दोनदा आपोआप बंद-चालू होतो, स्क्रीन काळी राहते. तो रॅम नव्याने ओळखत असतो. पाच मिनिटं जाऊ द्या. माझ्या एका गिऱ्हाइकाने नेमका इथेच धीर सोडून मेन बंद केला होता. मग बायोसमध्ये जाऊन डिफॉल्ट सेटिंग घ्या आणि फोटो बघून आपल्या पूर्वीच्या सेटिंग लावा. रॅमचा वेग आणि बूटचा (कॉम्प्युटर सुरू होण्याचा) प्रकार हमखास बदललेला असतो. "विंडोज उडालं" अशी बोंब होते ती बहुतेक वेळा बूटच्या सेटिंगमुळे.

२६०० वर एक-दोन दिवस दुकान चालवा, मगच ५६०० बसवा. कूलर काढण्यापूर्वी कॉम्प्युटर अर्धा तास चालवून गरम करा, बंद करा, भिंतीतली पिन काढा आणि कूलर हलका डावी-उजवीकडे फिरवत उचला. थंड कूलर सरळ वर ओढला तर सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. नवा प्रोसेसर बसल्यावर एफटीपीएम (डिस्कच्या कुलपाची किल्ली सांभाळणारी सोय) रीसेट करू का, असा प्रश्न स्क्रीनवर येऊ शकतो. म्हणून विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे ते डिस्कचं कुलूप, चालू असेल तर ते आधीच, म्हणजे बायोसला हात लावण्यापूर्वी, पूर्ण बंद करून ठेवा आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर लिहा. ही की त्याच कॉम्प्युटरमध्ये सेव्ह करणारेही भेटतात.

प्रश्न : चिपळूणला २०२१ च्या जुलैमधल्या पुरात जुना कॉम्प्युटर गेला, तेव्हा नवीन डेस्कटॉप घेतला, इंटेल आय३, दहावी पिढी. विंडोज १० चा आधार संपला म्हणून नातू ११ टाकायला बसला तर टीपीएम नाही असं येतंय. नातू म्हणतो, आजी, बायोस बदलावा लागेल. बदलू का?

उत्तर : आजी, बदलू नका. टीपीएम, म्हणजे किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची सोय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे, फक्त झोपलेली आहे. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी पुरते, तुमची दहावी. नातवाला सांगा, बायोसमध्ये जाऊन 'पीटीटी' (इंटेलचं टीपीएम) नावाची सेटिंग शोध, चालू कर आणि सेव्ह करून बाहेर ये. पाच मिनिटांचं काम. एवढं करूनही तोच संदेश आला तर मला पुन्हा लिहा, बोर्डाचं नावही कळवा. पूर २२ जुलैचा, म्हणजे मशीन त्यानंतरचं. पाणी त्याने पाहिलेलं नाही, हे बरं आहे.

प्रश्न : वेंगुर्ल्यात काजूच्या कारखान्यात हिशेब लिहितो. रोज सकाळी कॉम्प्युटरची तारीख मागे गेलेली असते, बँकेची साइट उघडत नाही. एकाने बायोस अपडेट करायला सांगितलंय.

उत्तर : बोर्डावर रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर२०३२. तो बदला. रात्री मेन स्विच बंद करत असाल, म्हणून घड्याळ सगळी रात्र त्या सेलवर चालतं आणि तो लवकर संपतो. मेन चालू ठेवलं तर जास्त टिकेल, पण पावसाळ्यात विजा असताना मी तरी मेन बंदच करीन. सेल बसवताना खाचेतल्या पत्रीवर हिरवट थर दिसला तर तो आधी खरवडून पुसा, नाहीतर नवा सेलही महिन्याभरात हेच करील.