रक्तपेढीत नवीन लागलायस? मग आधी एच समजून घे

भावा, ए-बी नंतर, आधी एच, म्हणजे लाल पेशीवरचा मूळ अँटिजेन (रक्तगटाची खूण), पक्का कर. पेशीवर पहिला एच तयार होतोय, मग नवव्या क्रोमोसोमवरच्या एबीओ जीनचं एन्झाइम त्याच्यावर एक साखर चिकटवतंय, ए आणि बी एन्झाइममध्ये मुख्य फरक फक्त चार अमिनो ॲसिडचा, आणि बहुतेक ओ मध्ये त्या जीनमधलं २६१ नंबरचं एक अक्षर (जी) गळालेलं असतंय, तेवढ्यानं पुढचं सगळं वाचन बिघडून एन्झाइम अर्धवट राहतंय आणि एच तसाच उघडा.

आता खरी मेख बॉम्बे ग्रुपची. १९५२ ला मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला. यात एच बनवायला लागणारा एफयूटी१ जीनच बंद, म्हणजे एचच नाही. फॉरवर्डला (पेशंटच्या पेशी तपासताना) हुबेहूब ओ दिसतोय, पण रिव्हर्सला (त्याचं सीरम तपासताना) ओ सेल्स घातल्या की त्याच्यातल्या एचविरोधी अँटीबॉडीमुळं नळीच्या बुडाला टपोरी गुठळी, हलवली तरी सुटत नाही. मी शिकाऊ असताना रात्रपाळीला घाईत ओ सेल्स घालायच्याच राहिल्या, सिनियर मॅडमनी क्रॉसमॅचला (बॅगेचं आणि पेशंटचं रक्त जुळवून बघताना) पकडलं, आठवलं की अजून काटा येतोय अंगावर.

कोल्हापुरात घाट चढून कोकणातनं पण पेशंट येत्यात, त्यामुळं शंका आली की अँटी-एच (पेशीवर एच आहे का दाखवणारं रसायन) लावच. बॉम्बे निघाला तर ओ ची बॅग अजिबात द्यायची नाही, त्याला बॉम्बेचंच रक्त लागतंय, सख्खी भावंडं आधी तपास.