सेंधव्याला टाकलेली केबल

प्रश्न: काका नमस्कार. माझ्याकडे 2006 ची मारुती 800 आहे, एमपीएफआय (म्हणजे कार्बोरेटर नसलेली, पेट्रोल इंजेक्शनची), बाबांची गाडी म्हणून विकवत नाही. मागच्या महिन्यात धुळ्याला लग्नाला गेलो होतो, परत येताना बिजासन घाट चढताना ॲक्सिलरेटरचं पेडल एकदम सैल पडलं, केबल तुटली. सेंधव्याहून मेकॅनिक आला, या गाडीची केबल त्याच्याकडे नव्हती, भंगारातल्या दुसऱ्या कुठल्यातरी मॉडेलची आणून बसवली आणि म्हणाला, "भिया, आराम से चलेगी." चालली, पण मानपूरच्या घाटात दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा ओढेना, ट्रकवाले हॉर्न मारून पुढे जात होते. आता पेडल पहिली दोन बोटं रिकामंच जातं, दाबायला जड झालंय, आणि पाय काढल्यावर वर यायला वेळ लावतं. त्याने ॲडजस्टिंगचे नट शेवटपर्यंत फिरवून ठेवलेत, पुढे फिरायला जागाच नाही. ओरिजिनल घ्यावी की हीच ठीक करून चालेल? जुनी तुटकी केबल डिकीत पडून आहे, फेकून देऊ का? (एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर: अहो फेकू नका! सगळ्या पत्रात कामाची वस्तू तीच आहे, पण त्याच्याकडे नंतर येतो.

आधी ते पेडल वर यायला वेळ लावतंय त्याचं बोलू, कारण तुम्ही ते शेवटी लिहिलंय आणि घाटात ओढत नाही याची काळजी तुम्हाला जास्त दिसते, माझं उलट आहे. ओढत नसलेली गाडी फार तर ट्रकवाल्यांच्या शिव्या खाईल. पेडल अडकलं तर जवाहर मार्गावर संध्याकाळी सहा वाजता काय होईल याचा विचार करा. तेव्हा हे दुरुस्त होईपर्यंत गाडी घरीच उभी ठेवा, भाजी आणायला सुद्धा काढू नका.

आणि तपासायला सुरुवात बॉनेटपासून नाही, पायाखालून करा. आपल्याकडे कंपनीच्या मॅटवर रबरी मॅट, त्यावर अजून एक लोकरी मॅट, असे थर असतात आणि वरची मॅट सरकून पेडलच्या खाली जाते. सगळ्या काढून पेडल दाबून बघा. माझ्याकडे तक्रार घेऊन आलेल्या गाड्यांत केबलला काही झालेलंच नाही, दोष मॅटचा, असं कितीदा तरी निघालंय.

मॅट काढूनही तसंच असेल तर बॉनेट उघडून केबल कुठून कशी गेलीय ते बघा. मला वाटतं तुमच्या केबलचं आउटर, म्हणजे वरची काळी नळी, हवी त्यापेक्षा लांब आहे आणि त्या मेकॅनिकने जास्तीची लांबी गोल वेटोळं करून कुठेतरी खोचून ठेवलीय. प्रत्येक वळणावर आतली तार नळीला घासते, वळण जितकं आवळलेलं तितकं घर्षण जास्त, मग दाबायला जड आणि परत यायला सुस्त. थ्रॉटलवरच्या, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेवरच्या, स्प्रिंगचा जोर ठरलेला असतो, तो गाडीच्या मूळ केबलच्या हिशोबाने दिलेला आहे, वेटोळ्याच्या हिशोबाने नाही. त्यात ते वेटोळं एक्झॉस्टच्या तापलेल्या मॅनिफोल्डजवळ असेल तर आतलं प्लास्टिकचं अस्तर मऊ पडून तारेला चिकटायला लागेल, म्हणजे आज सुस्त आहे ते उद्या अडकेल.

आता घाटात का ओढत नाही ते. केबल काय करते हे एकदा नीट समजलं की सगळं सोपं आहे. केबल पेट्रोल सोडत नाही. ती इंजिनात हवा जाते त्या वाटेवरची एक चपटी गोल झडप फिरवते, बस. तुमच्या एमपीएफआय गाडीत हवा किती आली, झडप किती उघडली हे सेन्सर सांगतात आणि त्या हिशोबाने कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो, जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत हवाच पेट्रोल ओढून घेते. त्यामुळे "जाड तारेची केबल टाका, पिकअप वाढेल" असं कोणी सांगितलं तर हसून चहा पाजा आणि परत पाठवा. केबल पिकअप वाढवू शकत नाही, पण झडप पूर्ण उघडू दिली नाही तर कमी मात्र नक्की करते. पेडलचा प्रवास ठरलेला आहे, खाली पत्रा आहे. त्यातली पहिली दोन बोटं तार ताणण्यातच गेली तर शेवटी झडप तेवढी उघडायची राहते. सपाट रस्त्यावर हे कळत नाही कारण तिथे आपण पूर्ण पेडल दाबतच नाही, खलघाटचा पूल ओलांडेपर्यंत तुम्हालाही काही वाटलं नसेल, मानपूरला चढ लागला तेव्हा कळलं.

याची खात्री घरच्या घरी करता येते. इंजिन बंद, घरातलं कोणीतरी सीटवर बसून पेडल पूर्ण खाली दाबून धरेल आणि तुम्ही बॉनेटखाली थ्रॉटलचं चाक बघायचं, ज्याच्या खाचेत केबलचं टोक अडकवलेलं असतं ते. पूर्ण दाबल्यावर ते चाक त्याच्या शेवटच्या थांब्याला टेकलं पाहिजे. नसेल टेकलं तर हाताने फिरवून बघा अजून किती फिरतंय, तेवढी ताकद तुम्ही वापरतच नाही आहात. मग पेडल सोडायला सांगा, चाक खटकन परत आलं पाहिजे. हळूच सरकत आलं तर गाडी उभी का ठेवायला सांगितली ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

आता डिकीतली जुनी केबल. दुसऱ्या मॉडेलची केबल चालते का असं विचारलं की लोक लांबी बघतात, दोन केबल शेजारी धरतात आणि म्हणतात सारखीच तर आहे. चूक तिथेच होते. केबलची लांबी दोन प्रकारची असते, नळीची वेगळी आणि आतल्या तारेची वेगळी, आणि गाडीला फरक पडतो तो या दोघींच्या वजाबाकीने. जुनी केबल फरशीवर सरळ ठेवा, नळी मोजा. मग तुटलेल्या तारेचे दोन्ही तुकडे टोकाला टोक लावून एका निपलपासून, म्हणजे तारेच्या टोकाला असते त्या धातूच्या गुंडीपासून, दुसऱ्या निपलपर्यंत मोजा. तारेतून नळी वजा करा. जो आकडा येईल तेवढी तार गाडीत उघडी राहते, थोडी पेडलच्या बाजूला आणि थोडी थ्रॉटलच्या बाजूला. नवीन केबलची हीच वजाबाकी जुन्यापेक्षा जास्त आली तर ढिलाई राहणार, जे तुमचं झालंय. कमी आली तर त्याहून वाईट, पाय न लावताच झडप थोडी उघडी राहील आणि गाडी उभ्या उभ्या रेस मारेल. नटांनी हा फरक थोडाफार मारता येतो, त्या आट्यांची लांबी असेल तेवढाच. तुमचे नट संपले म्हणजे फरक त्याच्या बाहेरचा आहे.

नळीची लांबी वेगळी बघायची. जास्त असली की वेटोळं, ते वर सांगितलं. कमी असली की काय होतं ते मी स्वतःच्या जिवावर शिकलोय. 1999 ची दिवाळी, माझी कार्बोरेटरवाली झेन, पाडव्याच्या दिवशी केबलच्या तारा उसवलेल्या दिसल्या आणि दुकानं सगळी बंद. पिथमपूरला नोकरी, गाड्यांशीच रोजचा संबंध, म्हणजे मी कोणाचं ऐकणार थोडाच, घरात पडलेली दुसऱ्या गाडीची एक केबल होती ती बसवली. निपल जुळलं, वजाबाकी जुळली, नळी मात्र चार बोटं आखूड. ताणून बसली, मी म्हटलं बसली ना. भाऊबीजेला रामबागेतून निघालो, जिथे जिथे थांबून पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडायचो तिथे गाडी माझ्या पायाशिवाय ओरडायची. सौ. शेजारी बसून म्हणाली, "अहो, ती घाबरलीय की तुम्ही?" घरी येऊन बॉनेट उघडलं, हिला क्लच सोडून बघायला सांगितलं आणि मी नुसता बघत राहिलो. क्लच सोडताना तो पकड घ्यायला लागला की इंजिन त्याच्या रबरी माउंटिंगवर दोन बोटं कलतं, सगळ्याच गाड्यांत कलतं. केबलच्या नळीला म्हणून एक सैलसर कमान द्यायची असते, म्हणजे इंजिन हललं तरी नळी त्याच्याबरोबर हलते. माझ्या नळीला कमानच नव्हती, इंजिन कललं की नळीचं टोक पत्र्यातल्या बुचातून उपसून बाहेर यायचं आणि तार आपोआप ओढली जायची. म्हणजे गाडी स्वतःच स्वतःला रेस देत होती! दुकानं उघडल्यावर पहिलं काम ओरिजिनल केबल आणायचं केलं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: दुसऱ्या मॉडेलची केबल चालते, पण दोन्ही टोकांची निपलं त्याच आकाराची, टोकाची बसण्याची जागा तीच, वजाबाकी तीच आणि नळी जवळपास तेवढीच, इतकं सगळं जुळलं तर. आणि इतकं जुळलं तर ती बहुतेक तुमच्याच मॉडेलची केबल असेल. 800 आणि ओम्नीचं इंजिन एकाच घराण्यातलं म्हणून "ओम्नीची लावा" असं तुम्हाला नक्की कोणीतरी सांगेल, पण ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि तुमचं बॉनेटखाली, केबलचा रस्ताच वेगळा. 800 चं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये बंद झालं, तरी रस्त्यावर अजून इतक्या आहेत की केबल मिळायला अडचण येऊ नये, जुनी केबल हातात घेऊन दुकानात जा आणि कार्बोरेटरवालीची नको, एमपीएफआयचीच हवी हे आधी सांगा.

तोपर्यंत कोणी नळीच्या टोकाला पाइपचा तुकडा घालून ढिलाई काढून देतो म्हणालं तर नको म्हणा. हिशोबाने ते बरोबर आहे, नळी लांब केली की वजाबाकी कमी होते, पण तो तुकडा एक दिवस निसटतो आणि भलत्या ठिकाणी निसटतो. तार कापून स्क्रूवालं निपल लावणं हे तर फक्त घरी पोचण्यापुरतं, स्क्रूखाली तारेचे धागे एकेक करून तुटत जातात. आणि थ्रॉटलवर एक छोटा रंग लावलेला स्क्रू असतो, झडप बंद कुठे थांबावी यासाठीचा, तो कंपनीतून लावून येतो. एमपीएफआयमध्ये त्याला हात लावू द्यायचा नाही, तो फिरवून आयडलिंग "सेट" करणारे आले की गाडीची किल्ली परत मागा.

नवीन बसवल्यावर पाय काढलेला असताना तारेत किंचित ढिलाई ठेवा, बोटाने दाबली तर थोडी लवली पाहिजे, वीणेच्या तारेसारखी ताणायची नाही. मग परत तेच, कोणालातरी पेडल दाबायला लावून चाक थांब्याला टेकतंय का बघा.

प्रश्न: काका, समजा चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबलेलाच अडकला तर काय करायचं? मी नुकतीच गाडी शिकलेय आणि बायपासवरून जाते. (राजेंद्रनगर)

उत्तर: बाळा, क्लच दाब आणि गिअर न्यूट्रलमध्ये टाक. इंजिन भयानक किंचाळेल, किंचाळू दे, चाकांशी त्याचा संबंध तुटलाय. मग ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरायचा, पंप करायचा नाही, कारण ब्रेकचा बूस्टर, म्हणजे आपल्या पायाचा जोर वाढवणारा भाग, इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर चालतो, झडप उघडी असताना ती ओढ जवळपास नसते आणि साठलेली ओढ दोनतीनदा दाबलं की संपते, मग ब्रेक दगडासारखा लागतो. गाडी कडेला थांबली की किल्ली बंद कर. चालत्या गाडीत किल्ली कधीही बाहेर काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होईल. हे एकदा रिकाम्या मैदानात बाबांना शेजारी बसवून करून बघ, नुसतं न्यूट्रल करून थांबवणं, हाताला सवय लागते.

प्रश्न: केबलला ग्रीस लावावं की ऑइल? मेकॅनिक दरवेळी वेगळं सांगतो. (सुदामानगर)

उत्तर: आत प्लास्टिकचं अस्तर असलेली केबल असेल तर बहुतेक काहीच नको. साधी लोखंडी नळी असेल तर पातळ ऑइलचे चार थेंब, केबल उभी लटकवून, वरून सोडायचे आणि खालून बाहेर येईपर्यंत थांबायचं. ग्रीस नको, त्यात धूळ बसून पेस्ट होते आणि जानेवारीच्या थंडीत सकाळी पेडल जड लागतं. टोकाजवळ तारेचा एक जरी धागा उभा राहिलेला दिसला तर ऑइल बिइल काही नाही, केबल बदला. हात फिरवून बघायचं असेल तर कापसाचा बोळा फिरवा, धागा अडकला की कळतं. बोटाने बघू नका, मी बघितलंय, आठवडाभर पोहे चमच्याने खाल्ले.

प्रश्न: माझी गाडी 2021 ची आहे, तुमचा मागचा अंक वाचून केबल शोधली, सापडलीच नाही. (विजयनगर)

उत्तर: नाहीच आहे. तुमच्या पेडलला सेन्सर आहे, तो वायरने कॉम्प्युटरला सांगतो आणि झडप एक छोटी मोटर फिरवते. सेन्सर मुद्दाम दोन असतात, दोघांचं सांगणं जुळलं नाही की दिवा लागतो आणि गाडी जेमतेम चालते, त्याला लिंप मोड म्हणतात. तुम्ही फक्त मॅटकडे लक्ष ठेवा आणि पेडलजवळ पाण्याची बाटली लोळू देऊ नका.