माझं क्लिनिक हॉटेलच्या लॉबीसारखं का दिसतं? इंटिरिअरच्या विद्यार्थ्याने हेल्थकेअर प्रोजेक्ट कसा हाताळावा?

तुम्ही लिहिलंय की तिसऱ्या वर्षाच्या या सत्रात एक कमर्शियल आणि एक हेल्थकेअर असे दोन प्रोजेक्ट आहेत. ऑफिस बऱ्यापैकी जमलं, पण क्लिनिकच्या पहिल्या ज्युरीत (परीक्षकांपुढे काम मांडतात त्या बैठकीत) 'हे हॉटेलची लॉबी वाटतंय' एवढंच ऐकायला मिळालं. आणि आता क्लिनिक सोडून थेट शंभर खाटांचं हॉस्पिटल घ्यावं का, असं विचारताय.

हॉस्पिटल घेऊ नका. ते आखायला आर्किटेक्ट, हॉस्पिटल प्लॅनर, मेडिकल गॅसवाले, एसीवाले अशी फौज लागते आणि तरी वर्षं जातात. एका सत्रात तुमच्या हाती उरतील ते खोल्यांची नावं लिहिलेले चौकोन. ज्युरीतलं कुणीतरी पहिल्याच मिनिटाला 'वापरलेल्या चादरी कुठल्या वाटेने बाहेर जातात?' असं विचारेल आणि तुमची बोलती बंद होईल. त्यापेक्षा विषय लहान करा: आठ-दहा खाटांचं डायलिसिस युनिट, फिजिओथेरपी सेंटर, लहान मुलांची ओपीडी, दातांचा दवाखाना. मी दवाखान्यांचीच इंटिरिअर्स करते आणि अधूनमधून ज्युरीलाही बसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ऑफिस तुम्हाला का जमलं? कारण ऑफिसात बसणारा माणूस म्हणजे जवळजवळ तुम्हीच. खुर्ची, लॅपटॉप, चार्जिंग, दोघांनी बाजूला जाऊन बोलायची जागा, हे सगळं तुमच्या अंगवळणी पडलेलं आहे. क्लिनिक करताना तुम्ही नकळत तोच माणूस धरलात: धडधाकट, उभा, दारातून आत येऊन कौतुकाने इकडेतिकडे बघणारा. तुमच्या सगळ्या रेंडर्सचा, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेल्या चित्रांचा, कॅमेरा दीड-पावणेदोन मीटर उंचीवर असणार, पैज लावते. त्या उंचीवरून कुठलीही जागा लॉबीच दिसते.

दवाखान्यातला मुख्य माणूस बराच वेळ आडवा असतो, रेललेला असतो किंवा व्हीलचेअरमध्ये बसलेला असतो. कॅमेरा ९०० मिलिमीटरवर आणा, तोंड वर करा आणि बघा काय दिसतं ते. छतातून खाली झोत टाकणारा डाउनलाइट थेट डोळ्यांत, एसीची जाळी बरोबर छातीवर, आणि फॉल्स सीलिंगमधला तो ट्रॅपडोअर (दुरुस्तीसाठी उघडायचं झाकण), ज्याच्याकडे तुम्ही ड्रॉइंगमध्ये ढुंकूनही पाहिलेलं नसतं.

हे काही नवं नाही. फिनलंडमधलं पाइमिओचं क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम १९३३ साली पूर्ण झालं. ते आल्वार आणि आइनो आल्टो यांचं काम. तिथे रुग्णाच्या खोलीचा विचार आडव्या माणसाच्या नजरेतून केलेला आहे. सीलिंगला पांढऱ्याऐवजी गडद, शांत हिरवा रंग आहे आणि दिवा पडल्या पडल्या डोळ्यांवर येणार नाही असा बसवलाय. खोलीत दोघं जण असत, म्हणून हात धुवायचं भांडं अशा उताराचं केलं की पाणी तिरकं पडावं आणि शेजाऱ्याची झोप मोडू नये. या इमारतीचे फोटो प्रत्येक विद्यार्थ्याच्या केस स्टडीत असतात, पण बहुतेकदा बाहेरच्या गच्च्यांचे. वॉश बेसिनचा सेक्शन (उभा छेद) काढलेला मी क्वचितच पाहिलाय.

आता डायलिसिस युनिटचं उदाहरण घेते, कारण तिसऱ्या वर्षासाठी याच्याइतका योग्य विषय मला दुसरा दिसत नाही. जागा छोटी, रुग्ण तेच तेच, आणि प्रत्येक जण साधारणपणे आठवड्यातून तीनदा येऊन सुमारे चार तास एकाच जागी बसतो. चार तास म्हणजे ऑफिसातला अर्धा दिवसच की. पण या माणसाचा एक हात सुयांनी यंत्राला जोडलेला असतो आणि तो फारसा हलवता येत नाही. म्हणजे पाण्याची बाटली, मोबाइलचं चार्जिंग, नर्सला बोलवायची घंटा हे सगळं मोकळ्या हाताच्या बाजूला हवं. मोकळा हात कुठला? कुणाचा डावा, कुणाचा उजवा. तेव्हा एकतर या गोष्टी दोन्ही बाजूंना द्या, नाहीतर सरकणारी व्यवस्था करा. इतकी साधी गोष्ट एलिव्हेशनमध्ये (भिंतीच्या समोरून काढलेल्या ड्रॉइंगमध्ये) नीट दाखवलीत तर ज्युरीचा सूरच बदलेल.

पुढे चला. रक्त शरीराबाहेर फिरून येतं, त्यामुळे अनेक रुग्णांना थंडी वाजते. म्हणून एसीचा झोत खुर्चीवर नको. नर्सला तिच्या जागेवरून प्रत्येकाचा चेहरा आणि सुया टोचलेला हात दिसायला हवा, म्हणजे प्रायव्हसीसाठी तुम्ही जी सुंदर उभी पार्टिशन्स टाकणार आहात ती तिथेच बाद. पडदा किंवा कमी उंचीचा आडोसा चालेल. प्रत्येक यंत्राला शुद्ध केलेलं पाणी आणि ड्रेन लागतं, म्हणून खुर्च्या कुठेही मनाला येईल तशा फिरवता येत नाहीत. भिंतीलगतची पाइपलाइन आधी, मांडणी नंतर. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ प्लांटला वेगळी खोली. उपचाराआधी आणि नंतर वजन करतात, तेव्हा काट्याजवळ व्हीलचेअर वळायला १५०० मिलिमीटरचं वर्तुळ मोकळं सोडा. हिपॅटायटिस बीच्या रुग्णांसाठी यंत्रही वेगळं आणि खोलीही वेगळी. हे सगळं प्लॅनवर उतरवलंत की 'कन्सेप्ट काय?' या प्रश्नाला घाबरायचं कारण उरत नाही.

दुसरा माणूस म्हणजे सफाई करणारी मावशी किंवा मामा. तुमच्या मटेरिअल बोर्डचा खरा परीक्षक तोच. सध्या जिकडेतिकडे फ्लुटेड, म्हणजे उभ्या खाचांची, पॅनेल दिसतात. ऑफिसच्या रिसेप्शनला खुशाल लावा, पण उपचाराच्या खोलीत त्या प्रत्येक खाचेत काय साचेल आणि ते कोण, कशाने काढेल याचा विचार करा. तीच गत छताच्या कडेला लपवलेल्या कोव्ह लाइटच्या वरच्या कठड्याची, खडबडीत दगडाची, कापडी सोफ्याची. उपचाराच्या भागात जमिनीवर शीट व्हिनाइल (प्लास्टिकचं सलग आच्छादन) घालतात त्याचं कारण स्वस्त-महाग हे नाही. त्याचे सांधे वितळवून जोडता येतात आणि तीच शीट गोलाई देऊन भिंतीवर साधारण १०० मिलिमीटर उंच चढवता येते. मग जमीन आणि भिंत मिळते तिथला कोपराच उरत नाही. हा एक डिटेल १:५ च्या स्केलमध्ये काढा. आणि नमुना म्हणून जो तुकडा बोर्डावर चिकटवणार असाल त्याच्यावर जंतुनाशक रोज ओतलं तर काय होईल, हे कंपनीच्या तांत्रिक पत्रकात वाचा. सिंकच्या भोवती उघड्या कडांचा सनमायका दिसला की मी पुढचं बघतच नाही, हा माझा दुर्गुण समजा हवं तर.

वेटिंगबद्दल थोडक्यात. खुर्चीला हात हवेत, कारण म्हातारा माणूस हातांवर जोर देऊन उठतो. व्हीलचेअरची जागा रांगेच्या टोकाला वाळीत टाकल्यासारखी नको, खुर्च्यांच्या मध्ये हवी, म्हणजे सोबत आलेला माणूस शेजारी बसू शकेल. काउंटरचा काही भाग खाली आणून ७५० मिलिमीटरच्या आसपास ठेवा. आणि काउंटरवर सांगितलेलं दुखणं पहिल्या रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाणार नाही, एवढं अंतर किंवा आवाज शोषणारं सीलिंग द्या. हे शेवटचं तुम्ही ऑफिसच्या मीटिंग रूमसाठी केलंच असेल, तेच इथे आणा.

आता संशोधनाबद्दल, कारण प्रत्येक शीटवर 'हीलिंग एन्व्हायर्नमेंट' असं लिहून शेजारी प्लास्टिकची ग्रीन वॉल लावलेली असते. त्याचं मूळ बहुतेकदा रॉजर उलरिच यांचा १९८४ साली 'सायन्स'मध्ये आलेला अभ्यास असतो. पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलच्या १९७२ ते १९८१ या काळातल्या नोंदी त्यांनी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या २३ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीबाहेर झाडं, दुसऱ्याच्या खिडकीबाहेर विटांची भिंत. झाडंवाले थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास महत्त्वाचा, पण एकाच हॉस्पिटलचा आणि छोटा. आणि त्यात प्लास्टिकची पानं कुठेच नाहीत, पलंगावरून दिसणारी खरी खिडकी आहे. तेव्हा या अभ्यासाचा आधार घ्यायचा तर पलंगाचं तोंड कुठे, खिडकीचा कठडा किती खाली, आणि उशीवर डोकं ठेवल्यावर बाहेरचं किती दिसतं, हे सेक्शनमध्ये दाखवा. दृष्टिरेषा काढून दाखवा. नाहीतर उलरिचना सोडून द्या.

रंगांचंही तसंच. 'निळा रंग मन शांत करतो' हे वाक्य ऐकून ज्युरी कंटाळलेली असते. त्याऐवजी जिथे रंगाला काम आहे तिथलं बोला. ऑपरेशन थिएटरमधले कपडे हिरवे-निळे असतात, कारण बराच वेळ लाल बघितल्यावर पांढऱ्यावर हिरवट डाग तरंगताना दिसतात. हिरव्यावर ते विरून जातात. नवजात बाळांच्या तपासणीच्या खोलीत भडक पिवळी भिंत नको, कारण कातडीवरची कावीळ ओळखायची असते आणि भिंतीचा रंग कातडीवर परावर्तित होतो. तिथले दिवेही रंग खरे दाखवणारे हवेत, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) ९० किंवा त्याहून वर. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी जमिनीवर गडद पट्टा टाकला तर त्यांना तो खड्डा वाटू शकतो आणि चकचकीत फरशी ओली वाटू शकते. उलट कमोडची सीट भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाची असली तर ती पटकन सापडते. अशी कारणं असलेला रंग कुणी खोडून काढू शकत नाही.

प्रकाशाचे आकडे मात्र तोंडपाठ असू द्या. युरोपीय मानकाप्रमाणे ऑफिसच्या टेबलावर ५०० लक्स (पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजायचं एकक), वॉर्डमध्ये सर्वसाधारण १००, तपासणी आणि उपचाराच्या वेळी १०००, आणि रात्री फक्त ५. म्हणजे एकाच पलंगावर दिवसभरात तीन वेगवेगळे प्रकाश. एवढ्यावरून तुमचा रिफ्लेक्टेड सीलिंग प्लॅन (छत आणि त्यावरचे दिवे दाखवणारा नकाशा) आणि स्विचिंगचं ड्रॉइंग तयार होतं, आणि विद्यार्थी नेमकं तेच टाळतात.

कमर्शियल प्रोजेक्टचा विषय अजून बदलता येत असेल तर ऑफिसऐवजी चष्म्याचं दुकान घ्या असं मी सुचवेन. दिसायला रिटेल, पण आत डोळे तपासायची खोली असते, म्हणजे दोन्ही प्रोजेक्ट एकमेकांना हात देतात. तपासणीच्या तक्त्यासाठी ६ मीटर अंतर धरतात. तेवढी जागा नसेल तर आरसा लावून ३ मीटरच्या आसपास भागवतात. त्या एका आरशामुळे प्लॅन केवढा बदलतो ते करून बघा. दुकानाच्या बाजूला गंमत उलटी असते. गिऱ्हाईक फ्रेम घालून आरशात बघतं, आणि डोक्यावरच्या डाउनलाइटने डोळ्यांखाली सावल्या पडल्या तर कुठलीच फ्रेम आवडत नाही. प्रकाश समोरून, चेहऱ्याच्या उंचीवर हवा. शिवाय काचा घासायचं यंत्र, त्याचा आवाज आणि पाणी, दुरुस्तीचं टेबल, मालाची खोकी हे सगळं मागे कुठे बसतं, याचा हिशेब द्या. कमर्शियलमध्ये विद्यार्थी समोरचा भाग सजवतात आणि मागचा भाग 'स्टोअर' असं लिहून संपवतात. धंदा मात्र त्या मागच्या भागावर चालतो.

शीट्सबद्दल एवढंच: पूर्ण प्लॅन १:५० मध्ये एकदा द्या आणि उरलेली ताकद एका खोलीवर लावा. एकच खोली १:२० मध्ये, चारही भिंतींच्या एलिव्हेशन्स, प्रत्येक सॉकेट उंचीसकट, सीलिंग, एक सेक्शन. दरवाजाची निव्वळ रुंदी ९०० मिलिमीटर, पलंग किंवा स्ट्रेचर जाणार असेल तर जास्त. जिथून पलंग नेतात त्या कॉरिडॉरला साधारण २४०० मिलिमीटर धरतात, पण तुमच्या भागातला बिल्डिंग कोड उघडून तोच आकडा लिहा, माझा नको.

प्रत्यक्ष जागा बघायला जाल तेव्हा कॉलेजचं पत्र न्या, डॉक्टरांच्या आधी नर्सिंगच्या प्रमुखांना भेटा आणि रुग्णांचे फोटो अजिबात काढू नका. कॅमेऱ्यापेक्षा टेप आणि वही जास्त कामाची. वेटिंगमध्ये बसून कोण कुठून कुठे जातं त्याच्या रेघा प्लॅनवर मारत राहा. नर्सच्या रेघा एका रंगात, मळलेल्या सामानाच्या दुसऱ्या रंगात, आणि त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे खूण करा. परवानगी मिळालीच नाही तर डायलिसिस यंत्राच्या कंपन्यांची इन्स्टॉलेशन मॅन्युअल्स शोधा. यंत्राचं माप, पाणी, ड्रेन आणि विजेची गरज त्यात आकड्यांसकट दिलेली असते. पाइपलाइनची भिंत आखायला सुरुवातीला तेवढं पुरतं.